काळ्या मातीत पाणी मुरवताना : आमच्या ले-आउटच्या बगीच्यातल्या कामाच्या नोंदी

१८ फेब्रुवारी

जागा आधी सांगतो. नागपुरात खामल्याच्या पुढे सहकारनगरच्या बाजूला आमचा ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वस्ती, उतार पोरा नदीकडे. चार गल्ल्या आणि मधात एक मोकळी जागा, तिला सगळे बगीचाच म्हणतात. दोन कडुलिंब, एक करंज, घसरगुंडी आणि कोपऱ्यात एक जुनी बांधीव विहीर, ले-आउट पडायच्या आधी इथं शेती होती तेव्हाची. सिमेंटचे रस्ते झाले तशी रस्त्याची लेव्हल कित्येक घरांच्या वर गेली, त्यात फुटपाथवर कडेपर्यंत गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसले, त्यामुळे तासभर पाऊस पडला की पाणी रस्त्यावरून आधी लोकांच्या पोर्चमध्ये येतं आणि मग नालीत जातं. आणि त्याच ले-आउटमध्ये एप्रिलच्या शेवटी बोअर आटतात. म्हणजे जुलैत पाणी नको म्हणून पंप लावायचा आणि मे महिन्यात पाणी पाहिजे म्हणून टँकरला फोन करायचा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं ते नागपुरात कोणीच विसरलं नाही. त्याच्या आधी २०१९ च्या जुलैत पेंच धरणात पाणी नाही म्हणून शहराला दिवसाआड पाणी आलं होतं, तेही आठवत असेल. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे असं मी म्हणणार नाही, पेंचचा हिशोब वेगळा आहे. पण आपल्या छतावर पडलेलं पाणी आपण एक तासही थांबवून ठेवत नाही, हे दोन्ही वेळेला खरं होतं.

काम असं ठरलं की बगीच्याला लागून असलेल्या चार घरांच्या छताचं पाणी पाईपनं बगीच्यात आणायचं, तिथं खोलगट वाफा करून त्यात झाडं लावायची, पाणी त्या वाफ्यातून खाली मुरूमात जाऊ द्यायचं. इंग्रजीत याला रेन गार्डन म्हणतात, आम्ही वाफाच म्हणतो. काही जणांचं म्हणणं होतं की एवढा खटाटोप कशाला, पाईप सरळ विहिरीत सोडा, दोन दिवसांत काम खतम. त्यावर पुढे लिहितो, कारण सगळ्यात जास्त वाद त्याच्यावरच झाला.

२ मार्च

आधी माती पाहिली. तुम्ही करणार असाल तर बाकी काही करा न करा, हे नक्की करा. तीन ठिकाणी गड्डे केले. वर अडीच फूट काळी माती, खाली फूटभर चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळी, मग पुन्हा चिकट पिवळसर माती आणि साधारण पाच फुटांवर मुरूम. विहिरीजवळच्या गड्ड्यात मुरूम साडेचार फुटांवरच लागला.

मग पाण्याची टेस्ट. दोन फुटांपर्यंतचा गड्डा, त्यात आदल्या दिवशी पाणी भरून माती चांगली भिजू दिली, दुसऱ्या दिवशी फूटभर पाणी भरलं आणि काडीवर खुणा करून बसलो. रात्रभरात बोटभर उतरलं. तेच मुरूमापर्यंत नेलेल्या गड्ड्यात फूटभर पाणी दीड तासात गेलं. ओल्या काळ्या मातीचं हेच आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात म्हणून पहिलं पाणी भसकन पिते आणि एकदा फुगली की तोंड बंद. ज्यांनी कोरड्या गड्ड्यात मे महिन्यात बादली ओतून 'अरे वा, मुरते की' म्हटलं त्यांचे वाफे जुलैत डबके झाले असतील. भिजवून टेस्ट करा.

नागपुरात सगळीकडे असंच निघेल असं नाही. पश्चिमेकडे काळा पाषाण आहे, बेसाल्ट, सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. पूर्वेकडे पारडी-वर्धमाननगरच्या बाजूला खालचा खडक वेगळा आहे, नाइस (gneiss) नावाचा. तिकडच्या कोणी आमची मापं जशीच्या तशी उचलू नका.

९ मार्च

रविवारी सकाळी बगीच्यात मीटिंग. तर्री-पोहे मागवले होते म्हणून लोक आले, हे चांगलंच झालं.

पहिला मुद्दा डास. दोन नंबर गल्लीतल्या काकूंच्या घरी दोघांना डेंग्यू होऊन गेलेला, त्यांचा विरोध अगदी रास्त होता. त्यांना हिशोब सांगितला की डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा लागतो, आपला वाफा दीड दिवसात रिकामा झाला पाहिजे, नाही झाला तर वाफा बुजवायचा. काकू म्हणाल्या, "लिहून द्या." लिहून दिलं. दोन दिवसांवर पाणी थांबलं तर उपाय करेपर्यंत त्या वाफ्यात पाणी सोडायचं नाही, असा कागद सगळ्यांच्या सह्यांनी केला. मला तो कागद फार आवडला, कारण पुढचं प्रत्येक माप आम्ही त्या दीड दिवसावर ठरवलं.

दुसरा मुद्दा जागा. वाफा मधोमध पाहिजे होता, उतार तसाच आहे. पण तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदी घेऊन तिथंच जमतात आणि गणपतीचा मांडवही तिथंच. म्हणून वाफा पूर्वेच्या कडेला सरकवला. त्यामुळे पाईप लांबला, खर्च वाढला, पण जागा हिसकावून केलेलं काम टिकत नसते.

तिसरा, विहिरीत सरळ पाईप. आमच्या ले-आउटमध्ये एक रिटायर्ड ओव्हरसियर काकाजी आहेत, त्यांनी फार सोप्या शब्दांत सांगितलं की छतावर काय असते ते वर जाऊन पाहा. कबुतरांची घाण, टाकीची शेवाळ, धूळ, डांबराचे तुकडे. हे सगळं एकदा विहिरीत गेलं की परत काढता येत नाही, आणि आपली विहीर म्हणजे आपल्या एकट्याची नाही, खालून तेच पाणी शेजारच्या बोअरला जाते. माती आणि मुळं मधात असली की गाळ वरच अडकतो, तिथून फावड्यानं काढता येतो. "विहिरीत गेलेला गाळ काढायला माणूस उतरवावा लागते, वाफ्यातला गाळ लेकरूही काढते." वाद तिथंच मिटला.

२३ मार्च

खोदायच्या आधी नाली तपासली, आणि तपासली ते फार बरं झालं. आमचा मूळ विचार होता की दुसऱ्या टप्प्यात रस्त्याचं पाणीही कडेचा दगड काढून वाफ्यात घ्यायचं. पावसाळी नाली उघडली तर मार्च महिन्यात तिच्यात पाणी वाहून राहिलं होतं. पाऊस नाही तर पाणी कुठलं? वास घेतला की कळतं. तीन घरांच्या मोऱ्या आणि वॉशिंग मशीनचे पाईप पावसाळी नालीत जोडलेले, आणि एका ठिकाणी गडरलाईनच्या, म्हणजे सांडपाण्याच्या लाईनच्या, चेंबरला तडा जाऊन तिथूनही झिरपत होतं. लोकांना माहीतच नव्हतं, घर बांधताना मिस्त्रीनं जवळची नाली पाहिली आणि जोडून दिलं.

तिन्ही घरांनी आपापल्या खर्चानं मोऱ्या गडरलाईनला वळवल्या, प्रत्येकी ३-४ हजार लागले. चेंबरसाठी अर्ज दिला, दुरुस्ती व्हायला बरेच दिवस गेले. तोपर्यंत रस्त्याचं पाणी घ्यायचा विचार बाजूला ठेवला. हे सांडपाणी पोरा-नाग करत कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि शेवटी गोसीखुर्दच्या धरणात जाऊन पडते. आपल्या घराच्या मागची एक मोरी कुठे जाते ते कळलं की माणूस दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावतो, असा आमचा अनुभव आहे.

काही जणांनी विचारलं की नीरीची, म्हणजे नागपुरातल्या पर्यावरण संशोधन संस्थेची, फायटोरिड पद्धत आहे ना, झाडांनी पाणी साफ करायची, मग सांडपाणीच वाफ्यात घेऊ. नाही. ती पद्धत सांडपाण्यासाठी वेगळी डिझाइन केलेली असते, बंद टाक्या असतात, पाणी किती वेळ आत राहावं याचा हिशोब असतो. आपला वाफा फक्त पावसाच्या पाण्यासाठी. दोन्हीत कर्दळ लावतात म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

६ एप्रिल

मापं लिहून ठेवतो. चार छतं मिळून ३,६०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३३४ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढं लक्षात ठेवलं की पुरते. ४० मिलिमीटरच्या एका सरीत, थोडं उडून-मुरून जाते ते सोडून, ११,४०० लिटरच्या आसपास. वाफा २६ बाय १६ फूट, त्यात फूटभर पाणी उभं राहील असा, बाजू उताराच्या असल्यानं त्यात ९,५०० लिटर बसते. वाफ्याच्या तळाशी मधोमध गिट्टीचा चर, २० फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल, मुरूमात अर्धा फूट घुसलेला. गिट्टीतल्या फटींमध्ये साधारण ४० टक्के जागा धरली तर आणखी २,००० लिटर. बरोबर जमतं. त्याच्यावर पडलं तर ओव्हरफ्लोचा पाईप नालीत.

घरांच्या पायापासून वाफा १५ फूट दूर ठेवला, कंपाउंड वॉलपासूनही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि भिंत उचलते, आमच्याच गल्लीत तडे गेलेल्या भिंती आहेत. जागा कमी असेल आणि काळी माती असेल तर घराला लागून असा वाफा करूच नका, टाकी ठेवा.

१२ एप्रिल

जेसीबी लावला, तासाला १,३०० रुपये, चार तासांत खोदकाम झालं. काळी माती एका शेतकऱ्यानं ट्रॉलीनं नेली, त्यामुळे ते पैसे वाचले.

संध्याकाळी चरात पाणी टाकून पाहिलं तर उतरेना. तोच मुरूम, ज्यात मार्चमध्ये फूटभर पाणी दीड तासात गेलं होतं. काकाजी खाली उतरले, हात फिरवला आणि म्हणाले, "हे पाहा, लिंपलं आहे." जेसीबीच्या बकेटनं वरची चिकट माती ओढत ओढत तळाला आणि बाजूंना असा लेप दिला होता की सारवलेल्या जमिनीसारखं गुळगुळीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी टिकास आणि सब्बल घेऊन चराचा पूर्ण तळ आणि खालचा अर्धा फूट बाजू खरवडून काढली, मुरूमाचे खडे दिसेपर्यंत. पुन्हा पाणी टाकलं, गेलं. म्हणून शेवटचा अर्धा फूट मशीननं करू नका, हातानं करा, आणि खोदलेल्या जागेत मशीनचं चाक अजिबात जाऊ देऊ नका.

२० एप्रिल

गिट्टी आली. दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), ४,२०० रुपये ब्रास. पहिली खेप ओतली तेव्हा एवढी धूळ उडाली की कळलंच, अर्धी चुरी होती. ही चुरी पहिल्या पावसात खाली बसते आणि मुरूमाची तोंडं बंद करते, मग चर असून नसल्यासारखा. सप्लायर बदलून देईना. धुवायला पाणी कुठून आणायचं, एप्रिल महिन्यात त्यासाठी टँकर मागवणं मनाला पटेना. शेवटी खाटेसारख्या उभ्या चाळण्या लावून सगळी गिट्टी चाळली. दोन मजूर आणि आमच्यातले सहा-सात जण, दोन रविवार गेले. चाळलेली चुरी वाया नाही गेली, बगीच्यातली पायवाट त्यात झाली. पुढच्या वेळी खदानीवर जाऊन माल डोळ्यांनी पाहून मगच गाडी भरणार.

थर खालून वर असे : ४० एमएमची गिट्टी अडीच फूट, तिच्यावर २० एमएम चार इंच, मग १० एमएम दोन इंच, मग जाडी रेती. मधात जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, टाकायचं की नाही यावर बराच खल झाला. आम्ही नाही टाकलं. कापडावर गाळ बसला की सगळं उकरल्याशिवाय ते साफ होत नाही, थर थरानं बारीक करत आणलं तर वरचे दोन इंच बदलून काम भागते. चराच्या बाजूंना मात्र कापड लावलं, कारण बाजूची काळी माती आत घसरते.

४ मे

विहीर. व्यास दहा फूट, खोली ३५. वर लोखंडी जाळी, तरी आत काय नव्हतं! निर्माल्य, नारळं, पीओपीच्या मूर्ती, खर्ऱ्याच्या पन्न्या, एक सायकलचं चाक.

विहीर उपसणारे भाऊ आले ते कामात तरबेज होते. आधी जाळी काढून एक दिवस विहीर उघडी ठेवली, मग ब्लोअरनं तासभर हवा मारली, मग दिवा सोडून पाहिला आणि त्यानंतरच कंबरेला दोर बांधून माणूस उतरला, वर दोर धरायला तिघं. दिवा जळला म्हणजे प्राणवायू आहे एवढंच कळतं, विषारी वायू नाही असं त्यातून कळत नाही, म्हणून ब्लोअर काम संपेपर्यंत चालूच. ज्या विहिरीत वर्षानुवर्षं कचरा सडला आहे तिथं हौशीनं कोणी उतरू नका. गाळात पाय घातला की खाली साचलेला वायू वर येतो आणि माणूस आवाजही न करता पडतो, त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. हे काम सरावाच्या माणसांनीच करावं, सगळं सामान असेल तरच.

पाणीही एकदम उपसलं नाही, दोन दिवस थोडं थोडं. जुन्या बांधकामाच्या मागे ओली माती असते, आतलं पाणी झटक्यात काढलं तर तिचा दाब भिंत आत ढकलतो. दोन ट्रॉल्या गाळ आणि कचरा निघाला. एकूण १८,००० रुपये.

पाण्याची पातळी मोजायला टेपला उलटी वाटी बांधली, पाण्याला लागली की डबक असा आवाज येतो. आज २७ फुटांवर.

१९ मे

४५ च्या वर तापमान आणि आम्ही रोपं लावून राहिलो, कारण पावसाच्या आधी मुळं धरायला पाहिजेत. वाफ्यातली भर अशी : तीन ब्रास जाडी रेती, बाकी वरची थोडी माती आणि शेणखत. रेती ९,००० रुपये ब्रास पडली, हा सगळ्यात मोठा खर्च. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात, तेव्हा भाव आणखी चढतो, म्हणून मेमध्येच घेऊन ठेवा.

तळाला वाळा, कर्दळ, नागरमोथा. उतारावर निर्गुडी आणि अडुळसा, कडेला गवती चहा. वाळा मुद्दाम जास्त लावला, मुळं सरळ खोल जातात आणि त्यांच्या वाटेनं पाणीही जातं, वरून काही महिने कोरडं राहिलं तरी मरत नाही. वाळ्याचं रोप ८ रुपयांना, ३०० घेतले. झाडं मोठी लावायची तर चराच्या लांब लावा, आम्ही एक अर्जुन आणि एक जांभूळ पार दुसऱ्या टोकाला लावलं.

पाणी कुठून द्यायचं? एका घरातून कूलरचं उरलेलं पाणी येऊ लागलं, सगळ्यांना कल्पना आवडली आणि बाकी घरंही देऊ लागली. आठवड्यात कर्दळीच्या पानांच्या कडा करपल्या. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, टाकीच्या तळाला ते पांढरं बसते तेच. त्या पाण्यानं रोपं जळत होती. बंद केलं. मग भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी प्रत्येक घरानं एक बादली आणायची असं ठरलं, संध्याकाळी सातनंतर. लेकरांनी हे काम फार मनापासून केलं. तरी ४० च्या वर रोपं गेली, बहुतेक नागरमोथा.

२ जून

चार घरांचे पाईप जोडले. सहा इंची पीव्हीसी, फिटिंग धरून २६,००० रुपये. प्रत्येक घराला पहिलं पाणी बाहेर काढायची सोय, उभ्या पाईपला खाली झाकण. पहिल्या दोन-तीन पावसांत झाकण उघडं ठेवायचं, छत धुऊन निघालं की बंद करायचं. छतं आधी झाडूनही घेतली.

विहिरीच्या बाजूनं झाडांभोवतीचे गट्टूही काढले. कडुलिंबाच्या खोडाला अगदी चिकटून बसवलेले होते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागेतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, आम्ही तेच माप धरलं. खालची माती इतकी घट्ट होती की सब्बल आत जाईना.

१७ जून

पहिला खरा पाऊस. आमच्या साध्या मापकात २२ मिलिमीटर. दोन गोष्टी बिघडल्या.

एक, शेणखत वर तरंगलं. पूर्ण न कुजलेलं होतं. सगळं तरंगत जाऊन ओव्हरफ्लोच्या तोंडाशी साचलं आणि वाफ्यातलं पाणी चहाच्या रंगाचं झालं. जाळीनं गोळा केलं, आणि वर दोन इंच जाडी रेती पसरून दाबून टाकलं. भरीत खत कमीच घाला, दहात एक भाग पुरे, आणि पूर्ण कुजलेलं.

दोन, पाईपच्या तोंडाखाली पाण्याच्या धारेनं दीड फूट खड्डा पडला, वाळ्याची बारा-पंधरा रोपं उपटून गेली. तिथं काळ्या दगडाचे डबर रचले, मोठा खाली लहान वर, धार दगडावर आपटून पसरते. हे आधीच करायचं काम आहे.

पाणी सात तासांत गेलं. काकू सकाळी येऊन पाहून गेल्या.

६ जुलै

रात्री तीन तासांत ६८ मिलिमीटर. वाफा भरला, ओव्हरफ्लो चालू झाला, म्हणजे हिशोबाप्रमाणेच. तिसऱ्या गल्लीत मात्र पाणी भरलंच, कारण ते रस्त्याचं पाणी आहे आणि आमच्या वाफ्याचा त्याच्याशी अजून संबंध नाही. काही जण नाराज झाले, एवढे पैसे घालून फरक काय. चार छतांच्या वाफ्यानं ले-आउटचा पूर थांबत नाही, हे आम्ही आधीच स्पष्ट सांगायला पाहिजे होतं. असे दहा-बारा वाफे आणि रस्त्याच्या कडेचे चर झाले तर गल्लीत फरक दिसेल.

यावेळी वाफा रिकामा व्हायला २९ तास लागले. खालचा मुरूम आता भिजलेला, त्यामुळे मार्चमधल्यापेक्षा वेग निम्म्यापेक्षा कमी. दीड दिवसाच्या आत आहे.

२१ जुलै

आज ३४ तास. वेग कमी होऊन राहिला होता, कारण सापडलं : वाफ्याच्या पाईपकडच्या टोकाला अर्धा इंच बारीक राखाडी गाळ. छतावरून एवढा गाळ येत नाही. शोधत गेलो तर वरच्या बाजूच्या प्लॉटवर बांधकाम सुरू आहे, रेती-सिमेंट रस्त्यावरच कालवतात, आणि ते पाणी रस्त्यावरून वाहत एका ठिकाणी बगीच्याची कड ओलांडून आत येत होतं. बांधकामवाल्या भाऊंशी बोललो, त्यांनी कालवायला पत्रा टाकला. आम्ही कडेला मातीचा बांध घातला आणि रेतीच्या गोण्या लावल्या. वाफा कोरडा झाल्यावर गाळाची खपली वाळली, फावड्यानं सरळ निघाली. पाच घमेली. पुढच्या पावसात २६ तास.

हाच गाळ सरळ विहिरीत गेला असता, एवढं सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर 'सरळ पाईप टाका' कोणी म्हणालं नाही.

२४ ऑगस्ट

तान्हा पोळा मधल्या मोकळ्या जागेत नीट झाला, वाफ्याला दोरी बांधली होती. वाफ्यात डासांच्या अळ्या एकदाही सापडल्या नाहीत. सापडल्या त्या विहिरीत, आणि एका घराच्या गच्चीवरच्या फुटक्या कुंडीत. विहिरीत गप्पी मासे सोडले. काकू आता दर आठवड्याला बॅटरी घेऊन दोन्ही जागा तपासतात, तो कागद त्यांच्याकडेच आहे.

झाडांचं : कर्दळ आणि वाळा जोरात. निर्गुडी उतारावर छान. कोणीतरी हौसेनं तळाला तुळस आणि झेंडू लावले होते, ते सडले. विकतचं लॉन आणून लावायचा आग्रह होता, कोपऱ्यात लावून पाहिलं, दुसऱ्या पुरात पिवळं पडलं. दुर्वा आपोआप आल्या, त्या ठेवल्या.

२८ सप्टेंबर

विहीर ८ फुटांवर. लोक आनंदात आहेत, फोटो फिरून राहिले आहेत. पण पावसाळ्यात सगळ्याच विहिरी वर येतात. म्हणून मेपासून आम्ही दोन गल्ल्या पलीकडची, जिला कुठलंही पाणी सोडलेलं नाही अशी एक विहीरही त्याच टेपनं मोजून राहिलो आहोत. ती आज ११ फुटांवर आहे. मेमध्ये आमची २७ वर होती, ती २८ वर. तीन फुटांचा फरक आपल्या कामाचा की विहिरीच्या जागेचा, हे एका पावसाळ्यावरून सांगणं बरोबर नाही. खरं कळेल ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोणती विहीर किती वेगानं उतरते त्यावरून.

पाणी तपासलं. जंतू तपासायची एच-टू-एसची बाटली दोन दिवसांत काळी झाली, म्हणजे जंतू आहेत. प्यायला नाही. बगीच्याला, कूलरला, गाड्या धुवायला वापरायचं. विहिरीवर तशी पाटी लावली.

९ नोव्हेंबर

खर्च, ज्यांनी विचारला त्यांच्यासाठी. जेसीबी ५,२००, गिट्टी ८,४००, रेती २७,०००, पाईप २६,०००, विहीर १८,०००, रोपं ४,१००, मजुरी आणि बाकी किरकोळ १४,५००. एकूण १,०३,२००. ३८ घरांनी वर्गणी दिली, कोणी ५०० कोणी ५,०००, काकाजींनी त्यांच्या पेन्शनमधून रेतीचा एक ब्रास दिला. विहीर आधीच साफ असेल आणि पाईप कमी लागत असेल तर हेच काम साठ-पासष्ट हजारांत होईल.

गडरलाईनचं चेंबर दुरुस्त झालं. पावसाळी नाली गेले काही आठवडे कोरडी आहे, आम्ही रोज नाही पण आठवड्यातून दोनदा झाकण उघडून पाहतो. उन्हाळाभर कोरडी राहिली तरच रस्त्याचं पाणी घ्यायचं. त्यासाठी वाफ्याच्या आधी एक गाळाचा हौद लागेल, चार बाय चार फूट, आणि रस्त्यावरचं ऑइल अडवायला त्यात पाईपचं तोंड पाण्याखाली उलटं वळवायचं. त्याचं कोटेशन १६,००० आलं आहे, ते महाग वाटतं, दुसरं मागवलं आहे.

फेब्रुवारीत वाफ्यातली वरची दोन इंच रेती काढून चाळून परत टाकायची, कर्दळ अर्धी छाटायची, वाळ्याची जास्तीची रोपं फोडून शेजारच्या ले-आउटला द्यायची. त्यांनी गड्डे करून ठेवले आहेत, त्यांचा मुरूम साडेसहा फुटांवर लागला. तेवढं खोल जाऊन परवडतं का, ते डिसेंबरमध्ये भिजवून टेस्ट केल्यावर लिहितो.